गोविंदाची टोळी

बाई, तुह्या मयताले मी आली नाई. मी नाई आली, आन तुह्या टोळीतल्या एकाही बाईले येऊ देलं नाई. हे तुले दुसरं कोनी सांगाच्या आत मीच सांगून टाकते, कारन इथी लोकाइले सांगाची मोठी घाई झाली हाये. तुह्या तेरवीच्या पंगतीत माह्या पुढ्यात पत्रावळ मांडाले कोनी तयार नव्हतं. मीच उचलली, मीच वाढून घेतलं, आन पोटभर जेवली. तू असती त म्हनली असती, "खाय वं सोने. राग त्याइचा आन उपास तुले, हे कोन सांगतलं?"

बाया रडून राह्यल्या. गोड गोड बोलून राह्यल्या. म्हने भागरथाबाई देवमानूस होती, कोनाले कधी वाकडं बोलली नाई. माय वो! मले हसू आवरेना. ज्या बाईनं तुह्यी छत कुटाची थापी पाठीत खाल्ली, तीच डोळ्याले पदर लावून हे सांगत होती. मेल्यावर मानूस लय लवकर गोड होते. तू देव नव्हती, बाई. तू मुकादम होती, आन चांद्यापासून पोंभुर्ण्यापर्यंत तेवढी एकच बाई मुकादम होती. माह्यासाठी तेवढं पुरे हाये.

तुले आठवते का, तू मले कुठी पाह्यलं होतं? मूल गावच्या तलावाच्या पाळीवर मी मातीचे टोपले वाहत होती. तिथला मुकादम प्रत्येक बाईचं टोपलं सोता उचलून डोक्यावर द्याचा, आन देताना त्याचे हात टोपल्यावर कमी, दुसरीकडंच जास्त. आम्ही साऱ्या खाली मान घालून चालाचो. तू छत कुटाले बाया पाहाले आली होती. तू माह्यं मनगट धरलं, बैलाचा दात पाहावा तसं दाबून पाह्यलं, आन म्हनली, "टोपलं टाक. माह्यासंगं चाल." मी म्हनलं, मुकादमाले विचारा लागन. तू म्हनली, "तो का तुह्या नवरा हाये, त्याले विचाराले?" मले काईच समजलं नाई, पन टोपलं मात्र तिथंच पडलं.

माह्या नवऱ्यानं नंतर लय तमाशा केला. छत कुटनाऱ्या बाया गावोगाव हिंडतात, परक्या मानसाइच्या डोक्यावर चढून बसतात, म्हने. तो दारू पिऊन बंगल्याच्या शिडीखाली शिव्या देत उभा राह्यला. तू खाली उतरली, त्याच्या नडगीवर एक थापी घातली, आन परत चढून जिथून गानं सोडलं होतं तिथूनच धरलं. एवढ्या मारात एक ओळ चुकली नाई तुह्यी. तो परत आला नाई. त्यासाठी मी तुह्ये पाय धुऊन पानी प्याली असती, खरं सांगते.

आपलं काम लोकाइले समजत नाई. त्याइले वाटते बाया वर बसून गानी म्हनतात आन मजुरी घेतात. सागाच्या फाट्याइवर फरशी टाकली, त्यावर चुना, सुरखी म्हंजे विटाइचा भुगा, आन विटाइची गिट्टी कालवून पसरली, का मंग रांगेनं बसून थापीनं कुटाचं. बेलफळाचं आन गुळाचं पानी शिंपत कुटाचं, दिवस बुडेस्तोवर, रोज, चुना आवळून येईस्तोवर. मधात सोडला त तडे जातात. आवळल्यावर बी कुटत राह्यलं त आतून फुटते. आन ताल तुटला, का कुठी जास्त बसते, कुठी कमी, मंग बरसातीत साहेबाच्या पलंगावर गळते. म्हनून गानं. म्हनून तू. पहिल्या रांगेच्या तोंडाशी बसून तू गानं उचलाची, आन केव्हा थांबाचं ते तुलेच समजे.

नाव मात्र गोविंदाचं. गोविंदा तुह्या नवरा, सरकारी कामावरचा मुकादम. भला मानूस, पन मोहाच्या झाडाखाली बसून बिडी ओढन्यापलीकडं त्यानं काई केलं नाई. टोळी तू जमवली, तू शिकवली, तू चालवली. तो हिवतापानं मेला, तरी ठेकेदार येऊन हाक माराचा, "गोविंदाची टोळी!" आन तू उभी राहून म्हनाची, "हजर." माह्या अंगाचा तिळपापड होये.

किती वेळा भांडली मी तुह्यासंगं! "बाई, मेलेल्याच्या नावानं काऊन? सांग ना त्याले, भागरथाबाईची टोळी म्हन म्हना." तू तंबाखू मळत राहाची. एक दिवस घुग्घुसच्या कामावर मी लय डोस्कं खाल्लं तवा तू चिडली. म्हनली, "अवं येडे, मेलेल्या मानसाले कोनी कामावरून काढते का? त्याच्यावर आळ घेता येत नाई, त्याले पोट येत नाई, तो म्हातारा होत नाई. जिवंत बाईचं नाव लावलं, का आजच्या आज हटवतीन. राहू दे त्याचं नाव. नाव चाटाचं हाये का तुले?"

मी म्हनलं, "हो, चाटाचं हाये."

तू हसली, पिंक टाकली, आन म्हनली, "मंग मी मेल्यावर चाट." ते भांडन तिथंच राह्यलं. मले अजून वाटते मीच बरोबर होती. तू अक्कलवान होती, पन भित्री होती. हे तुह्या तोंडावर म्हनाची माह्यी हिंमत नाई झाली, म्हनून आता म्हनते.

दुसरं एक बोलाचं राह्यलं, ते त आपन कधी काढलंच नाई. पोंभुर्ण्याच्या बंगल्याचं छत. खाली मोहाच्या फांदीले लुगड्याचा झोका बांधला होता, त्यात माह्यी लेक. सकाळपासून तिचं आंग गरम होतं. दुपारी ती रडाले लागली. आधी जोरात, मंग चिरकत, मंग नुसतं कन्हत. मी उठली. तू माह्याकडं पाह्यलं बी नाई. ताल न तोडता म्हनली, "उतरली त परत चढू नोको."

मी बसली. बाई, मी बसली. दिवस बुडाल्यावर उतरली तवा पोरीचं आंग तव्यावानी होतं, आन दुसऱ्या दिवशी ती गेली. तिले मातीत ठेवाले तू आली नाई. छत ओलं होतं. मी परत आली तवा साऱ्या बायाइच्या माना खाली होत्या. तू शेजारच्या बाईले उठवलं, ती जागा हातानं झाडली आन मले म्हनली, "आजपासून इथी बस." तुह्या शेजारच्या त्या जागेसाठी बाया एकमेकीच्या झिंज्या उपटाच्या. तो दुखवटा होता तुह्या मनातला, का चांगला हात टोळीतून जाऊ नये म्हनून केलं होतं, ते मले आजपर्यंत समजलं नाई. मी बसली तिथी. तुह्या तोंडाकडं पाहून रोज ठरवाची, का हिच्या डोक्यात थापी घालीन. आन रोज तुह्याकडून नवीन काई शिकून घरी जाची.

कारन तू शिकवत होती. चुना बोटाइवर घासून पाहाले शिकवलं. ठेकेदारापुढं उकिडवं बसाचं नाई, हे बी तूच शिकवलं. "तो खाटेवर बसला असंन त आपन उभं राहाचं. त्याची मान दुखली पाह्यजे," म्हनाची. आन ते ओवरसियरवरचं गानं! तो बिचारा खाली उभा राहून मान डोलवाचा, त्याले वाटे देवाचं गानं हाये:

टोपीवाला साहेब आला, काय पाहून गेला वो
उन्हात त्याचं लोनी झालं, वघळून खाली गेला वो

हसून हसून आमच्या थाप्या हातात राहात नव्हत्या, आन तू तोंड शेनानं सारवल्यावानी सपाट ठेवून पुढची ओळ घ्याची. अशी बाई मले दुसरी भेटनार नाई.

मागच्या साली तू म्हनली होती, आपला मुलूख मुंबईच्या राज्यात गेला हाये, आता सिमेंटचे छत होतीन. बाया घाबरल्या. तू म्हनली, "सिमेंट आलं त सिमेंट शिकू. पन शिकवाले आपल्यातलीच बाई पुढं पाह्यजे, नाई त परत टोपलं." त्या दिवशी मले तुह्यी भीती दिसली. तू कामाले भेत नव्हती, टोपल्याले भेत होती. मी बी त्यालेच भेते.

आता त्या दिवसाचं ऐक.

मूलच्या रस्त्यावरच्या बंगल्याचं छत टाकून एकच रात झाली होती. तू झोपडीत हिवतापानं फनफनत पडली होती. गिरजा, तुह्यी लेक, तुह्याजवळ थांबते म्हनत होती. तूच तिले हाकललं, "चुना माह्यासाठी थांबनार हाये का? वर जाय." हे मी माह्या कानानं ऐकलं. वर आम्ही रांगा धरल्या. तुह्या जागेवर मी बसली, आन गानं उचललं. खाली झाडाखाली सिरोंच्याकडचा एक मुकादम बसला होता. ठेकेदारानं तुह्या आजाराचं ऐकून त्याले बोलावून ठेवलं होतं. त्या मानसाचा काई गुन्हा नव्हता. तो मिशी इंचरत वाट पाहून राह्यला होता. ठेकेदारानं मले आदल्या दिवशीच सांगतलं होतं, "हे पाहा सोनाबाई, छत अर्धं टाकून बाया उतरल्या, का टोळी या मुकादमाची. मंग टोपले हायेतच तुमच्यासाठी."

ऊन चढलं, आन खालून तुह्या दिराचा आवाज आला, "गिरजे, माय गेली वं!"

साऱ्या थाप्या थांबल्या. हातातल्या हातात. खाली तो मुकादम उभा राह्यला. त्यानं मिशीवरून हात काढला आन आमच्याकडं वर पाह्यलं. मले त्याचं तोंड दिसलं, आन त्याच्यामागं पाळीवरचा तो दुसरा मुकादम दिसला, टोपलं उचलून देनारा. मी वरडली, "कुटा!"

कोनी हललं नाई. गिरजा दुसऱ्या रांगेत होती, ती उठली. म्हनली, "मी मायच्या तोंडात पानी घालून येते."

मी म्हनलं, "बस."

"अवं माह्यी माय हाये ती!"

"माहीत हाये. बस."

ती माह्या बाजूनं शिडीकडं निघाली. मी तिचा पदर धरला, खाली ओढली, आन पदरावर गुडघा रोवला. एक उठली असती त साऱ्या उठल्या असत्या. तुह्या पोरीले सोडलं असतं त बाकीच्याइले कोनत्या तोंडानं बसवलं असतं? ती माह्या हाताले चावली. हे पाहा, वळ अजून हाये. मी गुडघा नाई काढला. मंग मी गानं उचललं. दुसरं काई सुचलंच नाई, तुह्यं ते टोपीवाल्या साहेबाचंच आलं तोंडात. आन बाया कुटाले लागल्या. रडत होत्या, मले शिव्या देत होत्या, पन कुटत होत्या.

दुपारी तुह्यी तिरडी बंगल्यापुढून निघाली. रस्ता तोच हाये, नाल्याकडं जायाचा. खांदेकरी थांबले. वर पाह्यलं. वर आम्ही बसून लोनी वघळल्याचं गानं म्हनत होतो. तुह्या दीर थुंकला. कोनीतरी वरडलं, "रांडाइनो, लाज हाये का!" तुह्यं तोंड उघडं होतं, मले वरून साफ दिसलं. तू लहान दिसत होती. मी ताल सोडला नाई. माह्या गुडघ्याखालचा पदर ताणला होता, आन गिरजाची थापी माह्या थापीसंगं पडत होती. तू तिले जन्मभर म्हनली, का तुह्या हातात ताल नाई. खोटं बोलली तू. एक थाप चुकली नाई तिची.

लोक म्हनतात सोनीनं सूड घेतला. लेकीचा सूड लेकीवर. मी कोनाले उत्तर देलं नाई, पन तुले सांगते. सूड असता त मले बरं वाटलं असतं. मले बरं नाई वाटलं. तुह्यी तिरडी वळनावर गेली आन माह्या मनात एवढंच आलं, का कोपऱ्यातला चुना सुकून राह्यला, पानी शिंपा लागन. मले तुह्या असा राग आला, बाई, का तू जिती असती त मी तुह्या गळा दाबला असता. तू मले हे करून ठेवलं. आन करून नसतं ठेवलं त मी आज पाळीवर असती. दोन्ही खरं हाये, आन दोन्हीसाठी मले तुह्या गळ्यात पडून रडाचं हाये.

छत आवळलं. केव्हा थांबाचं ते मीच ठरवलं, तू सांगाले नव्हती. मंग कडेनं मातीची पाळ घालून वर पानी भरलं, आन ठेकेदार खाली खोलीत मान वर करून बसला. एक थेंब नाई गळला. तो बाहेर आला, खाटेवर बसला. मी उभी राह्यली. सिरोंच्याच्या मुकादमाले त्यानं जायाचं भाडं देलं आन मले म्हनला, "चाल, टोळी तुह्याकडं. हाक गोविंदाचीच ठेवू, सवय हाये साऱ्याइले."

तू असती त 'हजर' म्हनून मोकळी झाली असती. मी म्हनलं, "सोनाबाईची टोळी म्हना."

तो हसला. "बाईच्या नावाची टोळी कोनी ऐकली हाये का?"

"मंग आता ऐका," म्हनलं.

त्यानं मान हालवली. पुढचं काम मूलच्या धानाच्या गिरनीचं होतं, त्याले दुसरी टोळी भेटत नव्हती, सारे धान कापाले गेले होते. म्हनून तो मानला, माह्यासाठी नाई. मले ठाऊक हाये. पन त्या सकाळी गिरनीपुढं उभं राहून त्यानं हाक मारली, "सोनाबाईची टोळी!" आन मी हजर म्हनलं. मायच्यान सांगते, अंगावर काटा आला. मागं वळून पाह्यलं त एकाही बाईनं माह्याकडं पाह्यलं नाई. त्या शिडी चढून आपापल्या जाग्यावर जाऊन बसल्या. पोट साऱ्याइले हाये. एकमेकीइले तंबाखू देली, मले नाई देली. कालपरवापर्यंत 'सोने' म्हननाऱ्या आता 'बाई' म्हनून राह्यल्या, आन तुह्या काळी त्या शब्दात जी भीती राहे, तीच हाये.

गिरजा येनार नाई असं मले वाटलं होतं. ती शेवटी आली. आंगावर तुह्यं जुनं लुगडं. दुसऱ्या रांगेत नाई गेली. थेट पुढं आली आन माह्या शेजारी बसली, जिथी मी तुह्या शेजारी बसत होती तिथी. साऱ्या बाया पाहून राह्यल्या. मी म्हनलं, "इथी काऊन?"

तिनं थापी पान्यात बुडवली, झटकली. माह्याकडं पाहून म्हनली, "बरं केलं तू तुह्यं नाव लावलं. माह्या मेलेल्या बापाले कोनी हटवू शकत नव्हतं. तू त जिवंत हाये."

तुह्यीच पोट्टी हाये, वो बाई. मी तिले बसू देलं.